मुठीचं पीठ

चर्चमध्ये दानावर प्रवचन सुरू झालं की मी अजूनही चष्मा काढून पुसायला घेते. द्यावं तर हसतमुखानं द्यावं, मनापासून द्यावं, कुरकुरत दिलेलं देवाला पोचत नाही, हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यातलं काही खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण थकलेल्या माणसानं कसं द्यावं, हे मला एकाही पाळकानं कधी सांगितलेलं नाही. त्यांना बहुधा ठाऊक नसतं. त्यांच्या बायकांना ठाऊक असतं, पण त्यांना कुणी प्रवचनाला उभं करत नाही.

मी ग्वाल्हेरची. आजोबा नगरकडून मिशनबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. वडील दरबारच्या दफ्तरात कारकून लागले. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग; तिथं मराठी म्हटलं की दरबारी घराणी, पुरोहित मंडळी, नाहीतर फौजेतले मराठे. मराठी आणि वर ख्रिस्ती म्हटलं की लोक दोनदा बघायचे. आमचं बिऱ्हाड शिंदे की छावनीत होतं. घरमालक फौजेतल्या जुन्या घराण्यातले, माणसं भली. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आईला बोलावणं यायचं. आई जायची, कुंकू न लावता वाण घेऊन यायची, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

चर्च एकच होतं पण भक्ती दोन होत. सकाळी हिंदी आणि दुपारी मराठी. आमची मराठी मंडळी संख्येनं कमी आणि तोऱ्यानं जास्त. सकाळची माणसं बाहेर पडायची, दुपारची आत जायची, दारात ‘जय मसीह की’ आणि ‘सलाम’ व्हायचं, आणि ओळख तेवढ्यावर थांबायची. चर्चच्या मागच्या भिंतीशी पत्र्याचे दोन डबे ठेवलेले असत, एक त्यांचा, एक आमचा.

हे डबे मुठीचे. आमच्यात मुठीची चाल होती. रोज भाकरीचं पीठ परातीत घेतलं की पाणी घालायच्या आधी त्यातली एक मूठ काढून वेगळी ठेवायची. ती देवाची. रविवारी ते साठलेलं पीठ चर्चमधल्या डब्यात ओतायचं, आणि तिथून ते ज्याच्या घरी गरज असेल तिकडे जायचं. कुणाकडे जातं हे विचारायचं नाही, अशी रीत होती. अर्थात सगळ्यांना माहीत असायचंच. आईची मूठ मोठी होती. ‘तू मूठ नाही, ओंजळ काढतेस,’ असं मी तिला एकदा म्हटलं तर म्हणाली, ‘हात केवढा द्यायचा ते देवानं ठरवलंय, मी नाही.’

ते पीठ शेवटी शेवटी एकाच घरी जाऊ लागलं, ते बाईंच्या. बाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायबलबाई. मिशननं नेमलेल्या. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, बाळंतिणीला औषध पोचवायचं, हे त्यांचं काम. लष्करातली एक गल्ली त्यांनी सोडली नव्हती. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, नगरकडे कुणी उरलं नाही. एका हिवाळ्यात चर्चच्या पायरीवरून त्या पडल्या आणि त्यांचे पाय गेले. मग मिशन बंगल्यामागच्या खोलीत त्या खाटेवर असायच्या.

त्याच सुमारास मिशनच्या मडमा मायदेशी परत जाऊ लागल्या. बंगला, दवाखाना, शाळा, सगळं इथल्या मंडळीच्या हाती सोपवायचं ठरलं. संस्थानं विलीन झाली होती, खाती विलीन झाली होती, तसंच हेही. बंगला कुणी सांभाळायचा यावर बैठका झाल्या, चहा झाला, थोडी भांडणंही झाली. बंगल्यामागच्या खोलीतल्या बाईंना कुणी सांभाळायचं, हा विषय कुणी काढलाच नाही.

तो निघाला उपकारस्तुतीच्या रविवारी. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या घरचं काही आणून वेदीपुढं ठेवायचं असे. कुणी पपई आणली होती, कुणी अंडी, कुणी दुधीभोपळा. आम्ही घरमालकांच्या झाडाचे पेरू नेले होते. ज्यांच्याकडे ठेवायला वस्तू नसे ते उभं राहून काम देत. एकजण म्हणाला बाकं दुरुस्त करून देतो, एकजणी म्हणाल्या पडदे शिवून देते. मग पाळकसाहेबांनी विचारलं, बाईंचं कोण करणार? कुणीतरी खाकरलं, सगळे आपापल्या पेरूंकडे आणि पपयांकडे बघायला लागले. आणि आई उभी राहिली.

‘आम्ही करू,’ ती म्हणाली.

मी तिच्या शेजारीच होते. तिचा चेहरा त्या वेळी इतका उजळलेला होता की मलाही अभिमान वाटला. खरंच वाटला. आम्ही म्हणजे कोण, हे त्या घडीला मी मनात मोजलं नाही. आई, वडील आणि मी, तिघं मिळून एका म्हातारीचं करायला कितीसा वेळ लागणार?

मग राज्यांची पुनर्रचना झाली. ग्वाल्हेरची राजधानी गेली, ती भोपाळला. मोतीमहालातली दफ्तरं बांधायला घेतली. फायलींची गाठोडी ट्रकात चढत होती आणि त्यांच्यामागे माणसं. ज्यांनी जन्मात कधी लष्कर सोडलं नव्हतं ते लोक बिछाने बांधून स्टेशनवर उभे राहिले. आमच्या मराठी मंडळीतले बहुतेक सगळे सरकारी दफ्तरांतले, त्यामुळे दुपारच्या भक्तीतली बाकं एकेक करून मोकळी होऊ लागली. वडिलांनाही हुकूम आला. भोपाळात राहायला जागा नव्हती, एका खोलीत बरेच कारकून मिळून राहत. वडिलांना दमा. त्यांनी थोडे दिवस काढले आणि अंथरूण धरलं. आईला जावंच लागलं.

बाईंना बरोबर न्यायचा विचार झाला नाही असं नाही. पण न्यायचं कुठं? आणि बाईंनी साफ सांगितलं, ‘मला इथंच माती द्या.’

स्टेशनवर आई माझा हात धरून उभी होती. मी तेव्हा लष्करातल्या एका शाळेत मास्तरीण होते, नवीनच लागले होते.

‘बाईंना शब्द दिलाय,’ आई म्हणाली.

‘तू दिलास,’ मी म्हटलं.

‘आपण दिला.’

‘आई, तू जाऊन राहिली आहेस. मग आपण म्हणजे कोण राहिलं?’

ती रडायला लागली, गाडीनं शिट्टी दिली, आणि बोलणं तिथंच राहिलं. आई प्रेमानं द्यायची यात शंका नाही. तिच्याइतकं मनापासून देणारं माणूस मी पुढं पाहिलं नाही. पण त्या रविवारी तिनं वेदीपुढं मनापासून जे ठेवलं, ती मी होते. याचा मला राग होता, आणि तो राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

छावनीतलं बिऱ्हाड एकटीला परवडेना. मी बाईंच्या शेजारच्या खोलीत ट्रंक आणून टाकली. दोनेक वर्षं मी तिथं काढली.

सकाळ अशी असायची. अंगीठी पेटवायची, पाणी तापत ठेवायचं आणि बाईंना बसतं करायचं. त्यांच्या समोर उभं राहून दोन्ही खांदे घट्ट धरायचे आणि एका हिसक्यात वर उचलायचं. हळू उचललं तर त्या अर्ध्यावरून परत खाली घसरायच्या आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. पाठीशी उशी, मग शौचाचं भांडं, मग अंग पुसणं, लुगडं बदलणं. चहा. भाकऱ्या थापून झाकून ठेवायच्या, तांब्या हाताशी ठेवायचा आणि शाळेकडे पळत सुटायचं. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, प्रार्थनेची घंटा झाली की हजेरीचं बुक कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचायच्या. उशीर झाला की त्या दिवसाचा पगार गेला. संध्याकाळी येताना पाटणकर बाजारातून रॉकेल, भाजी, आणि घरी आलं की परत सगळं तेच. हिवाळ्यात धुण्याच्या पाण्यानं बोटं बधिर व्हायची आणि उन्हाळ्यात लू सुटली की खोलीत उभं राहवायचं नाही. मला आठवतं ते इतकंच, की मला सतत झोप येत असे. प्रार्थना करायला डोळे मिटले की झोप लागायची. मग मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायला लागले, आणि मग तीही सुटली.

बाई कधी धन्यवाद म्हणाल्या नाहीत. त्या भाकरीला नावं ठेवायच्या.

यात थोडा दोष पिठाचा होता. मुठीचं पीठ म्हणजे घराघरांतलं पीठ. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाचा गहू, एखादीनं घातलेलं बेसन. कुणी चाळून घालायचं, कुणी डब्याच्या तळाचं, अळ्या लागलेलं. सगळं एकत्र. त्याची पोळी लाटली जात नाही आणि भाकरी थापली की चिरते.

‘काय करू बाई, टूटून राहिली आहे,’ मी म्हणायची.

‘टूटत नाही, मोडते. मराठी तरी नीट बोल. भाकरी जमत नाही तर नाही.’

बाईंचं मराठी नगरचं, ठसठशीत. आमचं ग्वाल्हेरचं, अर्धं हिंदीत भिजलेलं. माझ्या एकाही वाक्याला त्यांनी कधी पास केलं नाही. एवढ्या सगळ्यात त्यांचा आणखी एक हट्ट होता, त्यानं माझं डोकं फिरायचं. मी परातीत पीठ घेतलं की त्या खाटेवरून म्हणायच्या, ‘मूठ काढलीस का?’

‘बाई, हे मुठीचंच पीठ आहे.’

‘मग?’

‘लोकांनी आपल्याला दिलेलं. त्यातून परत मूठ काढायची आणि रविवारी त्याच डब्यात ओतायची, म्हणजे सोमवारी ते परत आपल्याकडेच येणार. काय अर्थ आहे याला?’

‘आलं तेव्हा आपलं झालं. आपल्यातलं आपण देतो. परत कुणाकडे जायचं ते डबा बघून घेईल.’

वाद घालायला ताकद लागते. मी मूठ काढायची.

हळूहळू मराठी घरं संपत आली. डब्यात येणारं पीठ कमी झालं, मग अगदी तळाशी आलं. दुपारच्या भक्तीला पाळकसाहेब, त्यांच्या घरची माणसं, मी आणि एखादं म्हातारं जोडपं, एवढेच उरलो. पाळकसाहेबांचीही बदली झाली. तेव्हा दोन भक्ती एक कराव्यात असं ठरलं, म्हणजे आम्ही सकाळच्या हिंदीत जाऊन बसावं. देशभर मोठमोठी राज्यं जोडली-तोडली जात होती, आमच्या चिमूटभर मंडळीला कोण विचारतो? मला तर बरंच वाटलं, दुपारचं धुणं तरी होणार होतं. बाईंनी मात्र दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘आपला डबा तिथंच ठेवायला सांग. आणि तो रिकामा दिसता कामा नये. ते लोक काय म्हणतील? मराठी मंडळी भिकेला लागली म्हणतील.’

आणि हे आम्ही केलं. आज सांगताना हसू येतं, पण केलं. दर रविवारी हिंदी भक्तीच्या आधी मी आमच्या मुठीचं पीठ सगळ्यांसमोर आमच्या डब्यात ओतायची आणि सोमवारी शाळेतून येताना गुपचूप घरी घेऊन यायची. आम्ही दोघीच देणाऱ्या आणि आम्ही दोघीच घेणाऱ्या. माझ्या तुटपुंज्या पगारात आणि आई अधूनमधून पाठवायची त्यात आम्ही कसंबसं भागवत होतो, आणि हिंदी मंडळीतल्या बायका एकमेकींना आमचा डबा दाखवायच्या. किला गेटहून एक धिप्पाड बाई यायची, तिचं बोलणं म्हणजे अर्ध्या चर्चला ऐकू जाणार. ती एकदा माझा दंड धरून म्हणाली, ‘आप लोग कितना देते हो बहनजी! दो ही जनी बची हो, फिर भी डिब्बा कभी खाली नहीं देखा।’ मी हसले. आमच्याकडे कुणी काही घेऊन का येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. देणाऱ्याच्या घरी कोण कशाला काही नेईल?

अशात शाळेत नवीन राज्याचा नियम आला. ट्रेनिंग झालेलं नसेल त्या मास्तरणींनी ते करून घ्यावं, नाहीतर नोकरी सोडावी. मला जबलपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. राहायची सोय होती. जागा जुलैच्या पावसाळी सत्रात नव्हती, दिवाळीनंतरच्या तुकडीत होती. ती गेली की मी ना धड मास्तरीण ना धड कुणी. मग जन्मभर परात, अंगीठी आणि हे भांडं, एवढंच माझ्या वाट्याला येणार होतं.

आईला कळवलं. तिनं लिहिलं, प्रार्थना कर, मार्ग दिसेल. नवे हिंदी पाळकसाहेब तरुण आणि मायाळू होते, ते म्हणाले, ‘प्रभु प्रबंध करेगा।’ बाई म्हणाल्या, ‘तू जा की. माझं काय, मी पडून राहीन.’ हे वाक्य त्या अशा सुरात म्हणायच्या की ऐकणाऱ्याचा पाय उंबऱ्यातच अडकावा. मार्ग कुणालाच दिसत नव्हता आणि प्रबंध मलाच करायचा होता. मला रडूही येत नव्हतं. राग यायचा, पण तोसुद्धा पुरता येण्याआधीच मला झोप लागायची.

परत उपकारस्तुतीचा रविवार आला. वेदीपुढं भोपळे, पपया, अंडी. मी आमच्या डब्यात आमचं पीठ ओतून आले आणि मागच्या बाकावर बसले. गाणी झाली, प्रवचन झालं, आनंदानं देण्यावरच झालं. मग पाळकसाहेबांनी विचारलं, ‘और किसी को कुछ देना है?’

मी उभी राहिले. उभं राहायचं असं काही मी घरून ठरवून आले नव्हते.

‘मुझे देना नहीं है,’ मी म्हटलं, ‘मुझे लेना है।’

सगळ्या माना वळल्या. मग मी सगळं सांगून टाकलं. डब्यात आमचंच पीठ असतं आणि सोमवारी मीच ते घरी नेते. बाईंना उठता येत नाही, मला जबलपूरला जायचंय, मी थकले आहे, मला माणसं हवीत. हिंदी माझं चांगलं, पण त्या दिवशी तेही धड निघेना. कुणीतरी खाकरलं. ती खाकरण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती, आई उभी राहायच्या आधी असंच कुणीतरी खाकरलं होतं.

तेवढ्यात किला गेटवाली मोठ्यानं हसली. चर्चमध्ये, वेदीसमोर, अगदी खदखदून.

‘लो! और हम समझे बैठे थे कि मराठी लोग बड़े आदमी हैं, इनके यहाँ क्या लेके जाएँ!’ ती म्हणाली. ‘अरे बहनजी, पहले बोलना था ना। मेरा घरवाला यहीं अस्पताल में चौकीदार है, मैं रोज़ उसकी रोटी लेके इधर आती ही हूँ।’

तिच्या शेजारची म्हणाली, मंगळवार माझा. मग दुसरी, मग तिसरी. एकेक जण आपापला वार सांगायला लागली. मी खाली बसले.

घरी आल्यावर बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा काळवंडला.

‘माझी लाज काढलीस.’

‘बाई, जन्मभर तुम्ही लोकांना द्यायला शिकवलं. मग घेणारं कुणीतरी लागेल की नाही? ते देऊन राहिलेत तर घ्या ना! नाही घेतलं तर त्यांनी ते कुठं ठेवायचं?’

एवढं लांब मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि कितीतरी दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, भाकरीबद्दलसुद्धा नाही.

किला गेटवाली पहिल्या दिवशी कढीभात घेऊन आली. बाईंनी ओठ मिटून घेतले. मला वाटलं, संपलं आता. ती बाई मात्र खाटेशेजारी ऐसपैस बसली, चार घास स्वतःच खाल्ले, सासूच्या तक्रारी सांगितल्या, किल्ल्यावरच्या माकडांनी वाळत घातलेल्या वड्या कशा नेल्या ते सांगितलं, आणि मधेच एक घास बाईंच्या तोंडाशी धरला. बाईंनी तो घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग म्हणाल्या, ‘नमक कम है।’

मी परात घासत होते. मला एकदम कळलं की मी जाऊ शकते.

निघायच्या दिवशी बाईंनी डोक्यावर हात ठेवला नाही, की प्रार्थना केली नाही. ‘तिकडे तरी भाकरी थापायला शीक,’ एवढंच म्हणाल्या. त्यांची आठवण काढून मी जबलपूरला रडले असं इथं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी झोपले. पहिले काही आठवडे वर्ग सुटला की मी झोपायची, रविवारी चर्च बुडवून झोपायची. खोलीतली मुलगी मला आजारी समजत होती. मला कुणाचं काही करायचं नव्हतं, आणि हे सुख मी अगदी चवीनं भोगलं.

नाताळच्या सुट्टीत आईनं भोपाळला बोलावलं होतं. वडील बरे होते, स्वतंत्र क्वार्टर मिळालं होतं, तिनं करंज्याही केल्या होत्या. मी स्टेशनवर गेले आणि ग्वाल्हेरचं तिकीट काढलं. का, ते मला सांगता येणार नाही. बाईंचं सगळं नीट चाललंय हे मला पत्रांवरून माहीत होतं. माझी तिथं कुणालाच गरज नव्हती.

ग्वाल्हेरला धुकं होतं आणि हाडं गोठवणारी थंडी. स्टेशनबाहेर तिळाची कडक गजक घेतली आणि मग आठवलं की बाईंना दात नाहीत. खोलीत गेले तर खोली ओळखू येईना. भिंतींना चुना लागला होता, खिडकीला पडदा होता. बाईंच्या गालावर मांस आलं होतं.

‘आ गयी? ये, बैठ,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, हे कसलं मराठी?’

त्या ओशाळल्या आणि मग हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला किंचित लागलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मी केलं तेव्हा हे हसू कुठं होतं, असं मनात आलं.

दुपारी किला गेटवाली डबा ठेवून घरी गेली. आम्ही दोघीच होतो. मला करण्यासारखं काही नव्हतं. पाणी भरलेलं, भांडी घासलेली, बाईंचं लुगडं स्वच्छ. मी नुसती बसून राहिले. हात मांडीवर ठेवून त्या खोलीत मी आधी कधी बसलेच नव्हते. बोलता बोलता बाई उशीवरून घसरल्या.

‘उठवू का?’ मी विचारलं.

त्यांनी मानेनंच हो म्हटलं. मी सवयीनं समोर उभी राहिले आणि त्यांचे दोन्ही खांदे धरले.

‘डावा नको धरू,’ बाई म्हणाल्या. ‘तो दुखतो.’

मी हात काढला. ‘कधीपासून?’

‘पायरीवरून पडले तेव्हापासून. हाड सरकलंय बहुतेक.’

मी खाटेच्या कडेवर बसले. रोज सकाळी तोच खांदा घट्ट धरून मी हिसका दिला होता, इतके दिवस, एक दिवस न चुकवता. त्यांनी एकदाही हूं केलं नव्हतं.

‘बाई, भाकरीला एवढी नावं ठेवली तुम्ही. हे सांगायला काय झालं होतं?’

‘भाकरीचं ऐकून तू चिडायचीस, पण वेळेवर जायचीस,’ त्या म्हणाल्या. ‘हे सांगितलं असतं तर तू हळूहळू उचलायला लागली असतीस. तुला रोज शाळेला उशीर झाला असता.’

मग मी त्यांच्या कमरेखाली हात घातला आणि थोडं थोडं करून त्यांना वर घेतलं. त्या दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. खूप वेळ लागला.

‘आज तुला कुठं जायचं नाही, म्हणून सांगितलं,’ बाई म्हणाल्या.